रोग्याचे सोंग, डॉक्टरची परीक्षा

वैद्यकीय विद्यार्थ्याला रुग्ण तपासता येतो की नाही, हे कसे ठरवायचे? प्रश्न साधा वाटतो. रुग्ण त्याच्यासमोर बसवायचा आणि त्याला तपासायला सांगायचे, झाले! वैद्यकीय महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या हेच होत आले. वॉर्डातले काही रुग्ण परीक्षेसाठी निवडले जातात. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला एक ‘लाँग केस’ आणि काही ‘शॉर्ट केस’ येतात. लाँग केसमध्ये विद्यार्थी बराच वेळ रुग्णाजवळ बसतो, त्याची हकिगत विचारतो, नाडी, छाती, पोट तपासतो. मग परीक्षक येतात, विद्यार्थी आपले निष्कर्ष सांगतो आणि त्यावर प्रश्नोत्तरे होतात.

शिक्षकाच्या नजरेने या परीक्षेकडे पाहिले, तर तिच्यातल्या उणिवा लगेच जाणवतील. पहिली उणीव अशी की प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळा प्रश्न मिळतो. एकाच्या वाट्याला स्पष्ट बोलणारा आणि ठळक लक्षणे असलेला रुग्ण येतो, तर दुसऱ्याच्या वाट्याला कण्हणारा, अर्धवट उत्तरे देणारा आणि गुंतागुंतीच्या आजाराचा रुग्ण येतो. वर्गातल्या एका मुलाला साधी बेरीज आणि शेजारच्याला वर्गसमीकरण देऊन दोघांच्या गुणांची तुलना करण्यासारखेच हे झाले. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. विद्यार्थी आणि रुग्ण यांच्यात जे घडले, ते कोणी पाहिलेलेच नसते. परीक्षक ऐकतात तो फक्त अहवाल. विद्यार्थ्याने पोट नीट चाचपले की शेजारच्या मित्राला विचारून ‘यकृत दोन बोटे वाढले आहे’ असे ठोकून दिले, हे अहवालावरून कळत नाही. तिसरी गोष्ट रुग्णाची. सकाळपासून आठ-दहा जणांनी त्याचे दुखरे पोट दाबलेले असते. तो थकतो, कंटाळतो, चिडतो. त्याला काय वाटले, हे विचारायची मात्र पद्धत नव्हती.

या तिन्ही उणिवांवर एकच उपाय काढता येईल, असे १९६३ साली एका अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञाला वाटले. उपाय असा, की खऱ्या रुग्णाच्या जागी रोग्याचे हुबेहूब सोंग घेणारी निरोगी व्यक्ती बसवायची! इंग्रजीत या व्यक्तीला ‘सिम्युलेटेड पेशंट’ म्हणतात. या लेखापुरते आपण तिला ‘प्रतिरुग्ण’ म्हणू. ही कल्पना कशी सुचली, तिची थट्टा का झाली आणि पुढच्या साठ वर्षांत तिने वैद्यकशास्त्राला आपल्याच कामाबद्दल काय काय शिकवले, याची ही कथा.

सॅमने घेतलेला सूड

या तज्ज्ञाचे नाव हॉवर्ड बॅरोज (१९२८–२०११). न्यूयॉर्कमध्ये शिक्षण घेत असताना त्यांच्याकडे एक किचकट काम आले होते. मेंदूविकारतज्ज्ञ होऊ इच्छिणाऱ्या डॉक्टरांच्या परीक्षेसाठी रुग्ण गोळा करायचे. त्यांतला सॅम नावाचा रुग्ण अशा परीक्षांना चांगलाच सरावलेला होता. एका परीक्षेनंतर बॅरोज त्याला भेटले, तेव्हा सॅमने एक गंमत सांगितली. एक परीक्षार्थी त्याच्याशी फार तुसडेपणाने वागला आणि त्याने तपासतानाही त्रास दिला. म्हणून सॅमने त्याला धडा शिकवला. त्याच्यापुरती आपली लक्षणेच बदलून दाखवली!

ऐकणाऱ्याने हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट. पण बॅरोज यांच्या मनात ती राहिली, कारण तिच्यात दोन गोष्टी दडलेल्या होत्या. मेंदूविकाराची लक्षणे माणसाला ठरवून दाखवता येतात आणि तीही तज्ज्ञ होऊ घातलेल्या डॉक्टरला फसवण्याइतकी चांगली, ही पहिली. डॉक्टर कसा वागला याबद्दल रुग्णाचे स्वतःचे ठाम मत असते, ही दुसरी. सॅमने त्या परीक्षार्थीला आपल्या परीने गुण दिलेच होते. ते नोंदवायची सोय तेवढी नव्हती.

याच काळात बॅरोज यांच्यावर आणखी एक प्रभाव पडला. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक डेव्हिड सीगल यांचा एक नेम होता. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक विद्यार्थी रुग्णाची पूर्ण हकिगत घेताना आणि तपासणी करताना ते स्वतः शेजारी बसून पाहत. त्या काळी ही फार दुर्मिळ गोष्ट होती. विद्यार्थ्याचे वाचन, त्याची उत्तरे, त्याच्या टिपणांतले अक्षर या सर्वांवर शिक्षक शेरे मारत. पण तो रुग्णाला हात लावतो कसा, हे फारसे कोणी पाहत नसे. विद्यार्थ्यांच्या साध्यासुध्या कृतींतही किती चुका राहून जातात, हे सीगल यांच्यासारखे पाहिल्यावरच कळते, हे बॅरोज यांना पटले.

पॅटी डगर

पुढे बॅरोज लॉस एंजेलिसमधील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवू लागले. तेथे १९६३ साली त्यांनी रोझ मॅक्विल्यम्स नावाच्या स्त्रीला पहिली प्रतिरुग्ण म्हणून तयार केले. चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणे हे तिचे काम होते. तिला दिलेल्या भूमिकेचे नाव होते पॅटी डगर. ही भूमिका कल्पनेतून रचलेली नव्हती. बॅरोज यांनी तपासलेल्या एका खऱ्या स्त्रीरुग्णाची ती प्रतिकृती होती. त्या स्त्रीला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार होता. या आजारात मज्जातंतूंवरचे आवरण ठिकठिकाणी खराब होते आणि त्यामुळे कुठे स्नायूंची ताकद जाते, कुठे संवेदना, तर कुठे दृष्टी.

रोझला काय काय करायचे होते, ते पाहा. दोन्ही पाय लुळे ठेवायचे. एका डोळ्याने दिसत नाही, असे वागायचे. त्वचेच्या काही भागांत एका प्रकारची संवेदना आहे, पण दुसऱ्या प्रकारची नाही, हे टाचणी आणि कापूस लावल्यावर अचूक सांगायचे. याशिवाय ‘बाबिन्स्कीची खूण’ दाखवायची. तळपायाच्या बाहेरच्या कडेवरून बोथट टोक ओढले, की निरोगी प्रौढाचा अंगठा खाली वळतो. मेंदूकडून पाठीच्या कण्यात येणारे मार्ग बिघडलेले असतील, तर तो वर उचलला जातो. रोझला तो वर उचलायचा होता, प्रत्येक वेळी आणि दोन्ही पायांचा! एवढा गंभीर आजार असूनही मूळ रुग्ण विलक्षण बेफिकीर वाटत असे. तो बेफिकीरपणाही रोझने उचलला.

तपासणी संपवून विद्यार्थी गेला, की रोझ दुसरे काम करी. विद्यार्थ्याने काय विचारले, काय तपासले, काय राहून गेले, तो कसा वागला, याची नोंद ती आधी ठरवलेल्या यादीवर करून ठेवी. म्हणजे सॅमने मनात दिलेले गुण आता कागदावर येऊ लागले. बॅरोज आणि त्यांचे सहकारी स्टीफन अब्राहमसन यांनी १९६४ साली या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी तिला ‘प्रोग्रॅम्ड पेशंट’ असे नाव दिले होते.

स्वागत कसे झाले? शहर लॉस एंजेलिस, हॉलिवूड हाकेच्या अंतरावर. वृत्तपत्रांना आयताच विषय मिळाला. तोकड्या कपड्यांतल्या मॉडेल आता डॉक्टरांना शिकवणार, अशा थाटाच्या बातम्या छापून आल्या. अनेक सहकाऱ्यांना हा प्रकार वैद्यकीच्या प्रतिष्ठेला न शोभणारा वाटला. नाटकी माणसाकडून खरे वैद्यक कसे शिकणार, हा त्यांचा आक्षेप. पुढची बरीच वर्षे बॅरोज यांच्याबरोबर मोजकेच लोक होते.

गंमत म्हणजे याच विद्यापीठात, याच सुमारास, अब्राहमसन आणि भूलतज्ज्ञ जडसन डेन्सन एक यांत्रिक रुग्णही बनवत होते. ‘सिम वन’ नावाचा हा पुतळा संगणकावर चाले, श्वास घेई, त्याचे हृदय धडधडे. तो १९६७ साली तयार झाला, अतिशय महाग ठरला आणि तसा दुसरा बनला नाही. यंत्र मागे पडले, माणूस टिकला. कारण उघड आहे. पुतळ्याला नळी घालायला शिकता येते, पण ‘तुम्हाला काळजी कसली वाटते?’ असे त्याला विचारून उपयोग नसतो.

अभिनय की मोजमाप?

प्रतिरुग्ण म्हणजे चांगला नट, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण नटाला असलेली एक मुभा प्रतिरुग्णाला नाही. नट रोजच्या प्रयोगात भूमिकेला नवा रंग देऊ शकतो. प्रतिरुग्णाने सकाळच्या पहिल्या विद्यार्थ्याला जे सांगितले, तेच संध्याकाळच्या विसाव्या विद्यार्थ्यालाही, त्याच शब्दांत, त्याच सुरात सांगायचे असते. म्हणूनच कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधक जेफ्री नॉर्मन यांनी सुचवलेले ‘स्टँडर्डाइज्ड पेशंट’ हे नाव पुढे रूढ झाले. वजनमापांच्या भाषेत बोलायचे, तर हा ‘प्रमाण’ रुग्ण. प्रयोगशाळेतला तराजू आम्ही प्रमाण वजन ठेवून तपासतो. वजन बदलत नाही, म्हणून काटा हलला तर दोष तराजूचा, असे म्हणता येते. रुग्ण तोच राहिला, तर दोन विद्यार्थ्यांच्या कामात दिसणारा फरक हा त्या विद्यार्थ्यांचाच फरक असतो.

हे कसे साधतात, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, बावन्न वर्षांच्या, छातीत दुखणाऱ्या माणसाची भूमिका आहे. पहिले वाक्य ठरलेले: “डॉक्टर, सकाळपासून छातीत भरून आल्यासारखं वाटतंय.” यापुढचे काहीही आपणहून सांगायचे नाही. ‘दुखणे कुठे पसरते का?’ असे विचारले, तरच डाव्या हाताचा उल्लेख करायचा. घरात कोणाला हृदयविकार होता का, असे विचारले, तरच वडील पन्नाशीत हृदयविकाराने गेले, हे सांगायचे. आणि ‘तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’ असे कोणी विचारलेच, तर क्षणभर थांबून म्हणायचे, “वडिलांसारखंच तर होणार नाही ना?” ज्याने विचारले नाही, त्याला ही भीती कळणार नाही. यादीवर त्या ओळीपुढे शून्य पडेल. अशा भूमिकेची तालीम कित्येक तास चालते. दोन प्रतिरुग्ण एकच भूमिका करणार असतील, तर दोघांची उत्तरे आणि दोघांच्या नोंदी जुळतात का, हेही तपासले जाते.

पण डॉक्टर प्रतिरुग्णासमोर जसा वागतो, तसाच खऱ्या रुग्णासमोर वागतो का? मॅकमास्टरमध्ये नॉर्मन आणि सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली. खरे रुग्ण आणि त्यांच्याच प्रतिकृती असलेले प्रतिरुग्ण, दोन्ही त्याच डॉक्टरांपुढे ठेवले. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात डॉक्टरांच्या कामात लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही. सोंग विश्वासार्ह ठरले.

प्रमाण रुग्ण हाती आला, की त्याच्या साहाय्याने मूलभूत प्रश्नही विचारता येतात. मिशिगन राज्य विद्यापीठातील आर्थर एल्स्टिन, ली शुलमन आणि सारा स्प्राफ्का यांनी अनुभवी डॉक्टरांसमोर प्रशिक्षित नटांना रुग्ण म्हणून बसवले आणि डॉक्टर विचार कसा करतात, याचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९७८ साली आले. डॉक्टर आधी सर्व माहिती गोळा करतो आणि शेवटी निदानाला पोचतो, असे पाठ्यपुस्तके सांगत. प्रत्यक्षात डॉक्टरच्या मनात पहिल्या काही मिनिटांतच दोन-चार शक्यता तयार होतात आणि पुढचे प्रश्न त्या शक्यता तपासण्यासाठी असतात, असे दिसले. दुसरा निष्कर्ष अधिक धक्कादायक होता. एका रुग्णाचे निदान उत्तम करणारा डॉक्टर दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाबाबतही तितकाच उत्तम ठरेल, याची खात्री देता येत नाही. याचा परीक्षेच्या दृष्टीने अर्थ काय? एका लाँग केसवरून विद्यार्थ्याची लायकी ठरवणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. आणि येथे तर प्रत्येक शीत वेगळ्या तांदळाचे!

रुग्ण शिकवू लागतो

अ‍ॅरिझोना विद्यापीठातील बालरोगतज्ज्ञ पॉला स्टिलमन यांच्यापुढे वेगळी अडचण होती. बालरोगात रुग्ण बोलत नाही, त्याची आई बोलते. तान्ह्या मुलाला सोंग शिकवता येत नाही, पण आईची भूमिका करता येते. म्हणून सत्तरच्या दशकात स्टिलमन यांनी ‘प्रति-माता’ तयार केल्या. त्या मुलाच्या आजाराची हकिगत सांगत आणि नंतर विद्यार्थ्याने संभाषण कसे केले, यावर गुण देत. प्रश्न मोकळे होते की हो-नाहीत उत्तर यावे असे? आईला बोलू दिले का? न समजणारे वैद्यकीय शब्द वापरले का? या गुणांसाठी त्यांनी केलेली श्रेणीपट्टी १९७६ साली प्रसिद्ध झाली. ‘डॉक्टरांचे बोलणे चांगले असावे’ हा उपदेश जुनाच आहे. चांगले म्हणजे नेमके काय, याचे निरीक्षण करण्याजोगे तुकडे पाडणे, हे येथे नवे होते.

आयोवा विद्यापीठातले काम अधिक नाजूक होते. स्त्रीरोगाची अंतर्गत तपासणी विद्यार्थ्यांनी शिकायची कोणावर? अमेरिकेत त्या काळी भूल दिलेल्या स्त्रियांवर, त्यांना न विचारता, विद्यार्थ्यांकडून अशी तपासणी करवून घेतली जाई. रॉबर्ट क्रेट्श्मर यांनी १९६८च्या सुमारास वेगळा मार्ग धरला आणि १९७२ पर्यंत त्याला पक्के रूप दिले. खास प्रशिक्षण घेतलेली, स्वेच्छेने आणि मानधनावर काम करणारी स्त्री स्वतःच्या शरीरावर तपासणी करू देई आणि त्याच वेळी विद्यार्थ्याला सूचनाही देई. हात कुठे ठेवावा, दाब किती असावा, आधी काय सांगावे, हे तिच्याइतके अचूक कोण सांगणार? पडद्याआड निमूट पडून राहणारी व्यक्ती येथे शिक्षिका झाली.

घंटा वाजली, पुढे चला

परीक्षेचा साचा बदलला तो स्कॉटलंडमध्ये. डंडी येथील रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली एक नवी रचना मांडली. एका मोठ्या रुग्णाची मोठी परीक्षा घेण्याऐवजी अनेक छोटी स्थानके मांडायची. एका ठिकाणी हकिगत घ्या, दुसऱ्या ठिकाणी छाती तपासा, तिसऱ्या ठिकाणी क्ष-किरण चित्र वाचा. ठरावीक मिनिटांनी घंटा वाजते आणि प्रत्येक विद्यार्थी पुढच्या स्थानकावर सरकतो. सर्वांना सारखेच प्रश्न, आणि परीक्षकासमोर ठरलेली यादी. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ऑस्की’ म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत जगभर पसरली. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही ती पोचली आहे. प्रतिरुग्णाला या रचनेत आयतीच जागा मिळाली.

पुढची पायरी राष्ट्रीय परीक्षांची होती. कॅनडाने १९९२ साली परवान्याच्या परीक्षेत प्रतिरुग्णांचा समावेश केला. अमेरिकेने १९९८ साली परदेशांत शिकून येणाऱ्या डॉक्टरांना फिलाडेल्फियात अशी परीक्षा देणे सक्तीचे केले. मुंबई-पुण्याहून अमेरिकेची वाट धरणाऱ्या डॉक्टरांना ही पायरी चुकवता येत नसे. त्यांचे वैद्यकीय ज्ञान पक्के असे. पण खोलीत शिरताना दारावर टकटक करणे, स्वतःचे नाव सांगणे, तपासण्याआधी परवानगी घेणे, रुग्णाच्या अंगावर चादर ओढणे, याही गोष्टींना गुण असतात, हे अनेकांना नवे होते. बाह्यरुग्ण विभागात दिवसाला शंभर-शंभर रुग्ण पाहणाऱ्याला यातले काही चोचले वाटले, तर नवल नाही. २००४ पासून अमेरिकेत शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही तशीच परीक्षा लागू झाली.

मग एक अनपेक्षित वळण आले. परीक्षा अत्यंत खर्चिक होती, त्यासाठी मोजक्या शहरांत प्रवास करून जावे लागे आणि अमेरिकेत शिकलेले बहुतेक सर्वच विद्यार्थी तीत उत्तीर्ण होत. एवढा खर्च कशासाठी, हा प्रश्न आधीपासून विचारला जात होता. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे परीक्षा थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये ती पुन्हा घेणार नसल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी कॅनडानेही आपली परीक्षा बंद केली. राष्ट्रीय परीक्षा गेली, तरी महाविद्यालयांतले प्रतिरुग्ण राहिले. शिकवण्यासाठी त्यांची गरज संपलेली नाही.

न सांगता आलेला रुग्ण

आतापर्यंतच्या सर्व प्रसंगांत समोरचा रुग्ण खोटा आहे आणि आपली परीक्षा चालू आहे, हे डॉक्टरला ठाऊक असते. वजने-मापे खात्याचा निरीक्षक येणार हे आधी कळले, तर कोणत्या दुकानातला काटा चुकीचा सापडेल? म्हणून काही संशोधकांनी प्रतिरुग्णांना साध्या गिऱ्हाइकाप्रमाणे दवाखान्यात पाठवायला सुरुवात केली.

नेदरलँड्समधील यान-योस्ट रेथान्स आणि सहकाऱ्यांचा १९९१ सालचा अभ्यास यात महत्त्वाचा आहे. त्यांनी त्याच डॉक्टरांना दोन प्रकारे पाहिले: एकदा त्यांच्या दवाखान्यात, प्रतिरुग्ण आला आहे हे कळू न देता, आणि एकदा उघड परीक्षेत. दोन्हींचे गुण जुळले नाहीत. परीक्षेत सर्व काही करून दाखवणारा डॉक्टर रोजच्या कामात ते करतोच असे नाही. उलट, दवाखान्यात कमी पडलेल्या डॉक्टरला ते येतच नाही, असेही म्हणता येत नाही. येणे आणि करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या पद्धतीचा सर्वांत कठोर उपयोग आपल्याच देशात झाला. भारतात क्षयाचे असंख्य रुग्ण प्रथम खासगी डॉक्टरकडे जातात. तेथे काय होते, हे कसे कळावे? अर्थशास्त्रज्ञ जिष्णू दास, क्षयरोगाचे अभ्यासक मधुकर पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत असा अभ्यास केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. स्थानिक स्त्री-पुरुषांना क्षयाच्या रुग्णांच्या भूमिका शिकवून खासगी दवाखान्यांत पाठवले होते. इंजेक्शन कसे टाळायचे, औषधे न घेता बाहेर कसे पडायचे, हेही त्यांना शिकवलेले होते. सुमारे २५० भेटींपैकी साधारण पाचव्या हिश्श्यातच रुग्णाची योग्य हाताळणी झाली. पण खरी चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. त्यांतल्या काही डॉक्टरांना तसाच संशयित रुग्ण नंतर फक्त शब्दांत वर्णन करून ‘तुम्ही काय कराल?’ असे विचारले. जवळजवळ तीन-चतुर्थांश डॉक्टरांनी थुंकी किंवा छातीच्या क्ष-किरण तपासणीचे नाव घेतले. तोच रुग्ण दवाखान्यात येऊन बसला होता, तेव्हा त्या तपासण्या दहापैकी एकानेच सांगितल्या होत्या!

पुढे मुंबई आणि पाटणा येथे २०१४-१५ मध्ये हाच अभ्यास मोठ्या प्रमाणावर झाला आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला. सुमारे २,६०० भेटी झाल्या. भूमिका चार होत्या. एकाला दोन-तीन आठवड्यांचा खोकला आणि ताप, दुसऱ्याच्या हाती क्षयाकडे बोट दाखवणारे क्ष-किरण चित्र, तिसऱ्याकडे थुंकीत जंतू सापडल्याचा अहवाल, आणि चौथा पूर्वी क्षयाचे उपचार अर्धवट सोडलेला. योग्य हाताळणीचे प्रमाण सुमारे ३५ टक्के भरले. दीर्घ खोकल्याच्या रुग्णाला तपासणीऐवजी साधी प्रतिजैविके आणि खोकल्याचे औषध मिळणे ही नेहमीची गोष्ट होती. खऱ्या रुग्णाच्या बाबतीत याचा अर्थ असा, की आणखी काही आठवडे तो बरा होण्याची वाट पाहतो, दवाखाने बदलतो आणि चाळीतल्या एका खोलीत झोपणाऱ्या घरच्या सर्वांना त्याच्यापासून लागण होत राहते.

डॉक्टरला न सांगता त्याची अशी परीक्षा घेणे योग्य आहे का? हा प्रश्न टाळता येणार नाही. त्याचा वेळ जातो, विश्वासाला धक्का बसतो. म्हणून अशा अभ्यासांत डॉक्टरांची नावे गुप्त ठेवतात, फी पूर्ण देतात आणि आधी नीतिमंडळाची मान्यता घेतात. निष्कर्ष एखाद्या डॉक्टरला पकडण्यासाठी वापरायचे नाहीत, व्यवस्था कुठे गळते ते शोधण्यासाठी वापरायचे, ही यामागची अट आहे.

मोजपट्टीच्या मर्यादा

प्रतिरुग्णाला सर्व काही दाखवता येत नाही. लकवा, पोटातले दुखणे, संवेदना गमावणे, झटका यांचे सोंग वठते. हृदयातली जादा कुरकुर, वाढलेले यकृत किंवा डोळ्यांतली कावीळ यांचे सोंग घेता येत नाही. तेथे खरा रुग्ण किंवा पुतळाच हवा. दुसरी मर्यादा प्रतिरुग्णाच्या मनाची. दिवसभरात पंधरा वेळा ‘तुम्हाला कर्करोग आहे’ हे ऐकणारा माणूस संध्याकाळी तसाच घरी जाऊ शकत नाही. भूमिका उतरवून ठेवायला त्याला वेळ आणि आधार द्यावा लागतो.

तिसरी मर्यादा यादीची आहे. ‘मला समजू शकतं’ हे वाक्य म्हटले की एक गुण, असे ठरले, तर विद्यार्थी ते वाक्य पाठ करतात आणि वहीत मान घालून म्हणतात. मग सोंग कोणाचे? रुग्णाचे की डॉक्टरचे? अनुभवी प्रतिरुग्णाला हा फरक कळतो, म्हणून याद्यांबरोबर त्याचे एकूण मतही विचारले जाऊ लागले. यादी हवीच, पण यादी म्हणजे कौशल्य नव्हे.

आपल्या प्रयोगशाळेत

भारतात २०१९ पासून प्रवेश घेणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी नवा अभ्यासक्रम आला. त्यात कौशल्यांवर भर आहे आणि वर्तन, नीती आणि संवाद यांसाठी स्वतंत्र भाग आहे. तो कागदावरून वॉर्डात किती उतरतो, हे त्या विद्यार्थ्यांना कोण आणि किती वेळा पाहते, यावर अवलंबून राहील.

हा प्रश्न फक्त वैद्यकाचा नाही. बारावीची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा आठवा. टायट्रेशनचे वाचन बरोबर आले का, हे आपण तपासतो. जर्नल पूर्ण आहे का, हेही पाहतो. शेवटी दोन मिनिटांची तोंडी परीक्षा होते. पण विद्यार्थ्याने ब्युरेट कशी धरली, वाचन घेताना डोळा पातळीच्या रेषेत ठेवला की नाही, शेवटचे थेंब एकेक सोडले की धार लावली, हे किती जणांच्या बाबतीत आपण पाहिलेले असते? वाचन शेजाऱ्याच्या वहीतूनही येऊ शकते, जसे वाढलेले यकृत मित्राच्या सांगण्यावरून सापडते.

यासाठी नट लागत नाहीत, पैसेही लागत नाहीत. सहा ओळींची यादी करावी, रोज दोन-तीन विद्यार्थ्यांपाशी पाच मिनिटे काही न बोलता उभे राहावे आणि पाहावे. काम संपल्यावर यादी विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. डेव्हिड सीगल याहून वेगळे काही करत नव्हते.